डग्गा घुमतो, तो स्पीकरचा की खोलीचा?

वाचकाचे पत्र : मी गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. शास्त्रीय संगीत घरी निवांत ऐकण्याची हौस नोकरीच्या धबडग्यात राहून गेली होती, ती पुरवण्यासाठी फंडाच्या पैशांतून चार लाखांची उभ्या स्पीकरची जोडी घेतली. मुंबईच्या दुकानात ऐकताना तंबोरा समोर लावून ठेवल्यासारखा वाटला होता. नाशिकच्या आमच्या फ्लॅटमध्ये मात्र डग्गा घुमतो, गायकाचा आवाज तार सप्तकात कर्कश होतो आणि तो मधून न येता भिंतभर पसरतो. आमचा हॉल १५ फूट लांब, ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. अकरा फुटी भिंतीशी टीव्हीचे युनिट आहे, त्याच्या दोन्ही अंगांना कोपऱ्यांत स्पीकर आहेत आणि समोरच्या भिंतीला टेकून सोफा आहे. डावीकडे बाल्कनीचे काचेचे सरकते दार, तर उजवीकडे आत जाणारा पॅसेज आहे. मला स्वतःला खाली गादीवर बसून ऐकायला आवडते. दुकानदार म्हणतात, साठ हजारांची केबल घ्या आणि ८० वॉटचा ॲम्प्लिफायर बदलून दुप्पट ताकदीचा घ्या. परदेशातला मुलगा म्हणतो, डिजिटल इक्वलायझर (ठरावीक स्वर कमी-जास्त करणारे साधन) लाव. यजमान म्हणतात, विकून टाक. मी कोणाचे ऐकावे?
ता. क. डावा स्पीकर ज्या कोपऱ्यात आहे, तिथे दरवर्षी पाच दिवस आमचा गणपती बसतो.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तूर्त आपण तिघांपैकी कोणाचेच ऐकू नये. दुकानात ज्या स्पीकरमधून तंबोरा समोर उभा राहिला, तेच स्पीकर आपल्या घरी आले आहेत. वाटेत बदलली ती खोली आणि त्या खोलीतली त्यांची जागा. आपल्या पत्रातच रोगाचे निदान लिहिलेले आहे, ते म्हणजे ‘कोपऱ्यांत’ आणि ‘भिंतीला टेकून’ हे दोन शब्दप्रयोग.

ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये तो येरझाऱ्या घालतो आणि ज्या स्वराच्या लहरीची अर्धी लांबी त्या दोन भिंतींमधल्या अंतराइतकी असते, तो स्वर खोलीच उचलून धरते. आपल्या १५ फूट लांबीसाठी हा आकडा साधारण ३८ हर्ट्झ (सेकंदाला ३८ कंपने) येतो आणि त्याची दुप्पट ७५. ११ फूट रुंदीसाठी ५१ आणि साडेनऊ फूट उंचीसाठी ५९. म्हणजे ३८ ते ७५ या चिंचोळ्या पट्ट्यात आपल्या हॉलचे स्वतःचे चार ठळक स्वर दाटीवाटीने बसले आहेत, आणि डग्ग्याचा घुमारा याच पट्ट्यात किंवा त्याच्या लगत असतो. हे स्वर भिंतींशी सर्वांत मोठे होतात व कोपऱ्यात तर भिंती एकमेकींना साथ देतात. त्यामुळे कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खोलीच्या या सवयीला खतपाणी घालतो आणि मागच्या भिंतीला डोके टेकून बसलेला श्रोता त्या सवयीचा सगळा भार कानावर घेतो. आपण दोन्ही गोष्टी एकदमच केल्या आहेत. यात आपला काही दोष नाही, कारण घरात फर्निचर मांडण्याची आपली रीतच सगळे भिंतीला लावून मध्ये मोकळी जागा ठेवण्याची आहे.

हे माझ्या शब्दावर मान्य करण्याची गरज नाही. एकल तबलावादनाची एखादी चांगली ध्वनिमुद्रिका लावावी आणि वादक तळहाताच्या टाचेने डग्ग्यावर घिस्सा ओढतो, तेवढ्याच जागा लक्ष देऊन ऐकाव्यात. घिस्सा खालून वर सरकताना आवाज सलग चढला तर खोली निर्दोष आहे. पण मध्येच एका ठिकाणी तो फुगला आणि पुढे एकाएकी पोकळ झाला, तर ती फुगवटी वादकाची नाही आणि स्पीकरचीही नाही. त्यानंतर तोच तुकडा सोफ्यावरून उठून, खोलीत चार-पाच फूट पुढे येऊन ऐकावा. फरक इतका उघड असतो, की या प्रयोगानंतर केबलचा विषय बहुतेक घरांत आपोआप मागे पडतो.

आता जागेविषयी. अकरा फुटी भिंतीकडे स्पीकर ठेवण्याचा आपला निर्णय योग्य आहे. लांब भिंतीशी ठेवले तर बसायला पुरेसे अंतरच उरणार नाही. मात्र स्पीकरचा दर्शनी भाग मागच्या भिंतीपासून ३ फुटांवर आणि त्याचा मध्य बाजूच्या भिंतीपासून सव्वादोन फुटांवर येईल, असे दोन्ही स्पीकर पुढे ओढावेत. ही दोन अंतरे मी मुद्दाम वेगळी ठेवली आहेत, कारण भिंतीवरून परतणारा ध्वनी एका विशिष्ट स्वराला खाऊन टाकतो (तीन फुटांसाठी तो ९४ हर्ट्झच्या आसपास, सव्वादोन फुटांसाठी १२५ च्या आसपास येतो) आणि दोन्ही अंतरे सारखी असली तर दोन्ही खड्डे एकाच जागी पडतात. अशा मांडणीत दोन स्पीकरमधले अंतर साडेसहा फूट होते. आपली बैठक सोफ्यामागच्या भिंतीपासून साधारण ५ फुटांवर आली, की प्रत्येक स्पीकर आपल्यापासून पावणेआठ फुटांच्या आसपास राहतो. खोलीच्या अगदी मधोमध मात्र बसू नये; तिथे ३८ हर्ट्झचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो आणि मग आपण उलट तक्रार घेऊन पुन्हा पत्र लिहाल.

हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. येथून पुढे तीन-तीन बोटांनी स्पीकर पुढेमागे करत, दर खेपेस तोच एक मिनिटाचा तुकडा ऐकत जावे. या कामी यजमानांना जरूर जुंपावे, कारण सरकवणारा आणि ऐकणारा वेगळा असला तर काम निम्म्या वेळात होते, आणि मला असेही दिसून आले आहे की ज्याने स्पीकर स्वतः ढकलले, तो सहसा ते विकायला निघत नाही. खालचे टोकदार पाय आत्ताच बसवू नयेत. स्पीकरखाली सतरंजीची घडी घातली की गुळगुळीत टाइल्सवर तो एका हाताने सरकतो. जागा पक्की झाल्यावर पाय लावावेत आणि त्यांच्याखाली धातूच्या चकत्या ठेवाव्यात, नाहीतर फरशीवर कायमचे ओरखडे पडतील. आपल्या स्पीकरला मागे किंवा पुढे हवेचे गोल छिद्र असेल आणि एवढे करूनही डग्गा थोडा जड वाटत असेल, तर त्या छिद्रात सोबत आलेला स्पंजचा बोळा, तो नसल्यास गुंडाळलेल्या मोज्यांची जोडी घालून ऐकावे. उपाय गावठी दिसतो, पण कित्येक उत्पादक स्वतःच असे बोळे खोक्यात घालून देतात.

गायकाचा आवाज भिंतभर पसरतो, ही आपली दुसरी तक्रार. तिच्यासाठी सर्वांत आधी दोन्ही स्पीकरच्या मागील तारा तपासाव्यात. लाल टोक लाल खुंटीलाच गेले आहे ना, हे दोन्हीकडे पाहावे. एका बाजूस जरी उलटे झाले तरी एक वूफर (खालचे स्वर देणारा मोठा पडदा) पुढे येताना दुसरा मागे जातो, खर्ज पातळ होतो आणि आवाजाला मधोमध जागा उरत नाही. आपल्याकडे खर्ज पातळ नसून भरमसाट आहे, त्यामुळे तारा सरळ असाव्यात असाच माझा अंदाज आहे, तरी दोन मिनिटांचे काम आहे. त्यानंतर १९५० च्या दशकातली एखादी जुनी मोनो ध्वनिमुद्रिका लावावी. मोनो मुद्रणात दोन्ही स्पीकरना तंतोतंत एकच ध्वनी मिळतो, म्हणून गायक दोहोंच्या बरोबर मध्ये, खुंटी ठोकल्यासारखा उभा राहिला पाहिजे. ॲलन ब्लमलीन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली दोन वाहिन्यांच्या ध्वनीचे पेटंट मागितले, तेव्हापासून सगळा डोलारा या एका भ्रमावर उभा आहे : दोन ठिकाणांहून येणारा ध्वनी कानांवर सारखा पडला, की मेंदू त्याला मधल्या रिकाम्या जागेत बसवतो. तो ‘सारखा’ पडण्यातच आपल्या घरी घोटाळा आहे. डावीकडे काच आहे, ती ध्वनी जसाच्या तसा परतवते. उजवीकडे पॅसेज आहे, तो ध्वनी गिळून टाकतो. परिणामी गायक डाव्या अंगाला ओढला जातो, पसरतो आणि वर काचेचा कर्कशपणाही घेऊन येतो.

म्हणून ऐकताना बाल्कनीच्या दारावर जाड, भरपूर चुण्यांचा पडदा ओढलेला असावा. पातळ, झिरझिरीत पडदा डोळ्यांना बरा वाटतो, ध्वनीला तो असून नसल्यासारखा असतो. नेमकी जागा शोधण्याची सोपी युक्ती अशी, की आपण आपल्या जागी बसावे आणि यजमानांनी डाव्या बाजूने एक हातआरसा काचेला लावून सरकवत न्यावा. आरशात जिथे आपल्याला डावा स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा पहिला परावर्तित ध्वनी आपल्या कानी येतो. त्या जागी पडदा दुहेरी करावा. तसेच स्पीकर थोडे आत वळवावेत. त्यांच्या तोंडातून निघालेल्या सरळ रेषा आपल्या डोक्याच्या किंचित मागे एकमेकींना छेदतील इतपत वळवले, की बाजूच्या भिंतींकडे जाणारा तीक्ष्ण ध्वनी कमी होतो.

खोलीतल्या कापडाचे महत्त्व पहिल्यांदा मोजून दाखवले ते वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले काही समजेना, तेव्हा हे काम या तरुण प्राध्यापकाकडे आले. रिकाम्या सभागृहात एक ध्वनी सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. सॅबिन रात्री, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणवत, त्या मांडत, ऑर्गनची एक नळी वाजवत आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजत. त्यातून निघालेले सूत्र लहान खोलीला काटेकोर लागू पडत नसले तरी दिशा दाखवते. आपल्या हॉलचे आकारमान सुमारे १५६७ घनफूट आहे आणि भिंती, छत व फरशी मिळून ८२४ चौरस फूट पृष्ठभाग आहे. गिलावा आणि टाइल्स ध्वनीचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात असे धरले, तर सामान नसलेल्या अशा खोलीत आवाज तीन सेकंद रेंगाळेल. संगीतासाठी घरात अर्धा सेकंद पुरे. सोफा, पुस्तकांचे कपाट आणि माणसे यांनी निम्मे काम आधीच केलेले असणार. उरलेल्यासाठी पडदा, स्पीकर आणि बैठक यांच्यामधल्या फरशीवर एक जाड गालिचा किंवा जाजम, आणि ऐकण्यापुरती टीव्हीच्या पडद्यावर एक गोधडी एवढे पुरते. मधे उभे राहून टाळी वाजवावी. तिच्यामागे झणझणीत शेपूट ऐकू आले नाही, की थांबावे. याहून जास्त कापड कोंबले तर तंबोऱ्याचा श्वास कोंडतो.

मात्र पडदे आणि गाद्या लावल्याने डग्गा घुमायचा थांबेल, अशी आशा बाळगू नये. ६० हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्साच पावणेपाच फूट भरतो. चार इंची कापसाची गादी तिच्या खिजगणतीतही नसते. वरच्या स्वरांसाठी कापड आणि खर्जासाठी जागा, ही विभागणी लक्षात न घेता लोक खोलीभर स्पंज चिकटवतात, मग आवाज वरून मेलेला आणि खालून तसाच घुमणारा होतो.

गादीवर बसून ऐकण्याची आपली आवड मला मनापासून पटते. बैठकीचे गाणे बैठक मारून ऐकावे, हे उत्तमच. अडचण इतकीच, की उभ्या स्पीकरमधला ट्वीटर (वरचे स्वर देणारा छोटा पडदा) खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीशी, म्हणजे जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास बसवलेला असतो. गादीवर कान त्याच्या बरेच खाली जातात, आणि वूफर व ट्वीटर जिथे एकमेकांच्या हाती स्वर सोपवतात, तिथला मेळ या कोनातून बिघडू शकतो. तेव्हा एकतर मागचे पाय किंचित उंच करून दोन्ही स्पीकर सारखेच पुढे झुकवावेत (वरून धक्का लागून ते कोलमडणार नाहीत इतपतच, घरात लहान मुले येत असतील तर मुळीच नाही), नाहीतर जाड गादीवर आणखी एक गादी टाकून बैठक उंच करावी. मी स्वतः दुसरा मार्ग पत्करला आहे.

ॲम्प्लिफायरविषयी थोडे गणित करू. आपल्या जातीचे स्पीकर एका वॉटला एका मीटरवर साधारण ८६ ते ९० डेसिबल आवाज देतात. आपण अडीच मीटरवर बसणार, तिथे हा आवाज काहीसा कमी होतो, पण स्पीकर दोन आहेत आणि खोलीही थोडा परत देते. म्हणजे प्रत्येकी एका वॉटवर आपल्या कानाशी ८० च्या वर डेसिबल सहज पोचतात. घरातले शांत ऐकणे ७० ते ७५ च्या घरात असते. तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी त्याहून कितीतरी जास्त ताकद राखीव हवी, हे खरे. परंतु ती ८० वॉटमध्ये भरपूर आहे, आणि ८० चे १६० केल्याने मिळणारी वाढ अवघी ३ डेसिबल असते, म्हणजे आवाजाच्या खुंटीचा एक छोटासा पिळा. घुमणाऱ्या खोलीत ताकद वाढवली तर ती अधिक ताकदीने घुमेल. स्पीकर ४ ओहमचे असल्यास आपला ॲम्प्लिफायर तेवढा भार घेऊ शकतो का, एवढे माहितीपुस्तिकेत पाहावे, म्हणजे झाले.

केबलचे उत्तर याहून लहान आहे. घरातल्या पॉवर पॉइंटसाठी वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची बहुतारी वायर पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन सुमारे ०.०८ ओहम विरोध करते. ४ किंवा ८ ओहमच्या स्पीकरपुढे हा विरोध नगण्य आहे. साठ हजार रुपयांत आपण आणि यजमान कित्येक हिवाळे पुण्याला जाऊन सवाई गंधर्व महोत्सव ऐकू शकाल, आणि कानाला खऱ्या तंबोऱ्याची आठवण ताजी असणे हे कोणत्याही केबलपेक्षा उपयोगाचे आहे. ‘स्पीकर खुलायला दोनशे तास लागतात’ असे कोणी सांगितले असेल तर त्या भरवशावर वाट पाहू नये. तेवढ्या तासांत स्पीकर किती बदलतो याची मला शंका आहे. आपला कान मात्र नक्की बदलतो, आणि दुकानाची परत घेण्याची मुदतही तेवढ्यात टळते.

चिरंजीवांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त त्याची वेळ शेवटची आहे. जागा पक्की झाल्यावरही एखादा स्वर उसळत राहिला, तर मापनाचा साधा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर घेऊन तो नेमका शोधावा आणि २०० हर्ट्झच्या खालची ती फुगवटी तेवढी छाटावी. ते सुट्टीवर आले, की हे काम त्यांच्याकडेच सोपवावे. खड्डे भरण्याच्या फंदात मात्र पडू देऊ नये. जिथे परतणारी लहर मूळ लहरीला मारते आहे, तिथे अधिक ताकद ओतणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय अशी दुरुस्ती एका बैठकीपुरती असते. शेजारी बसलेल्या यजमानांना ती लागू पडेलच असे नाही.

एक गोष्ट अनुभवाने सांगतो. माझ्या घरी एका विशिष्ट सुरावर उजव्या स्पीकरमधून बारीक झणझण येई. ट्वीटर गेला असे समजून मी तीन आठवडे हळहळत होतो. अखेर तो स्वर सलग वाजवत खोलीभर हात लावत फिरलो, तेव्हा शोकेसमधल्या पितळी समईचे सैल झालेले मधले आटे सापडले. आपल्या टीव्ही युनिटच्या काचा, भिंतीवरच्या तसबिरी आणि मांडणीतली भांडी एकदा अशी चाचपून घ्यावीत.

एवढे झाले, की तंबोऱ्याकडे वळावे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास लागते, पण तिची श्रीमंती त्या मूळ कंपनात नसून जवारीतून, म्हणजे घोडीवर तार घासून उठणाऱ्या गुंजनातून, उमलणाऱ्या वरच्या स्वरांत असते. त्यांतला पाचवा, ३४६ हर्ट्झच्या जवळचा, म्हणजे आपला स्वयंभू गंधार. मिरजेचे कारागीर सुताचा धागा घोडीवर केसभर सरकवून तो खुलवतात. आलापाच्या आधी नुसता तंबोरा चालू असताना हा गंधार कोणी न छेडता वर तरंगताना ऐकू आला आणि खर्जाने त्याला झाकले नाही, तर आपली मांडणी जमली असे समजून अंतरे मोजायची टेप बाजूला ठेवावी.

आता ता. क. चे उत्तर. स्पीकर पुढे आल्याने कोपरा मोकळा होईल खरा, पण मखर, आरतीची गर्दी आणि समईची ज्योत यांच्याजवळ तो ठेवू नये. पाच दिवस दोन्ही स्पीकर आतल्या खोलीत हलवावेत. हलवण्यापूर्वी प्रत्येक स्पीकरच्या चारही पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात आणि भिंतींपासूनची अंतरे वहीत लिहून ठेवावीत, कारण विसर्जनानंतर ‘साधारण इथेच होता’ असे म्हणून ठेवलेला स्पीकर अर्धा फूट चुकलेला असतो. फरशी पुसायला येणाऱ्या मावशींनाही त्या खुणा एकदा दाखवून ठेवाव्यात. आमच्याकडे त्या दोनदा खरवडून निघाल्या आहेत.